जाड मानेचे आधी

लीस, आधी फ्रिज उघड आणि ते कांदे बाहेर काढ.
थंड, ओलं, अंधारं
हे सुख मेलेल्या माशाचं.

शाळेत पोरांना पृथ्वीचं फिरणं शिकवतेस
आणि घरात कांदा बटाट्याच्या मांडीला मांडी लावून बसवतेस!
बटाटा रात्रभर दमट श्वास टाकतो.
पंधरा दिवसांत दोघांनाही कोंब.
त्यांचं पटत नाही. का, ते मी विचारलेलं नाही;
याच रस्त्यावर अशी तीन घरं मला ठाऊक आहेत.

ऑगस्टात पात आपली आपण आडवी होते,
तेव्हा उपटायचे.
पाण्याखाली धरायचे नाहीत. माती वाळू दे, झटकली की पडते.
पडवीत पसरून ठेव, एकावर एक नाही.
पेइप्सीवरून वारा येतो तो फुकटचा आहे,
त्याला राबू दे तीन आठवडे.

मग मान बघायची.
आम्ही जुन्या रीतीची माणसं, क्रूस दोन बोटांनी करतो;
तीच दोन बोटं इथे.
चिमटीत ओल लागली तर अजून नाही.
कागदासारखी कुरकुरली, तर झालं.

बारीक मानेचा कांदा मे महिना बघतो.
जाड मानेचा तुमचा नाताळसुद्धा बघत नाही,
आमचा तर त्यानंतर तेरा दिवसांनी.
म्हणून जाड मानेचे वेगळे काढ, ते आधी खा.

माझा झोसिमा जाड मानेचा.
एप्रिलात तलावावरचा बर्फ काळा पडला होता,
सगळं गाव दारात उभं राहून नको म्हणत होतं.
जाळी परत आणायला गेला.
जाळी आली, मे महिन्यात.

त्या वर्षी वेण्या मी एकटीने घातल्या.
एकशे चाळीस.
दुसरं काही मोजवत नव्हतं.

लव्हाळं मध्ये धर, पात भोवती फिरव, ओढ.
अजून ओढ, तो रडणार नाही, रडशील तू.
मोठे खाली, लहान वर.
नाही जमत? मग तुझे जुने लांब मोजे आण, नायलॉनचे:
एक कांदा, एक गाठ, एक कांदा, एक गाठ,
लागेल तेव्हा गाठीखाली कात्री.
माझी बहीण कापितोलीना तार्तूत चौथ्या मजल्यावर असंच टांगते.
पाळकबाबा आले तेव्हा
छतातून लोंबणाऱ्या बाईच्या पायांकडे न बघता
त्यांनी सगळी प्रार्थना म्हटली.

आणि ही पिशवी, चुलीवरच्या फळीवर, हिला हात लावू नकोस.
बियाण्याचे आहेत, बोराएवढे.
यांना हिवाळा कळू द्यायचा नाही.
गारठा एकदा आत शिरला की वसंतात घाईने फुलं काढतात
आणि अंगाने पोसत नाहीत.
मी त्यांच्या खालीच निजते.
बाहेर उणे वीस, डोक्यावर सालींची सळसळ,
कुणीतरी कूस बदलावी तशी.

शनिवारी न्हाणं झालं की नाक स्वच्छ असतं,
तेव्हा वेण्यांजवळून सावकाश चाल.
गोडसर वास आला तर थांब,
एकेक दाबून बघ.
एक मऊ लागला तर शेजारच्या दोघांनाही दाब.
नासका बाहेर टाक, खड्ड्यात, लांब.
दया करायला गेलीस तर वेणीच जाते.

बाकी काही नाही.
भिंतीला टेकवू नकोस, प्लॅस्टिकात कोंडू नकोस.

आणि हा कुठला, खिडकीत, पाण्याच्या ग्लासात?
वीतभर हिरवा झालाय.
याला मुळं दिलीस की तू!
इकडे आण बघू.
हं.
जाड मानेचाच आहे.
ठेव, ठेव तिथेच.
पाणी बदलत जा.